पाणी धरणारी टोपी

ज्याला विणता येत नाही त्याला मोठ्या तळ्यामधल्या आमच्या ताकिले बेटावर पोरगी मिळत नाही. मग त्याच्याकडे वीस मेंढ्या असोत, नाहीतर तळ्यात दोन होड्या असोत. बायका लोकर कातणार, मागावर पट्टे विणणार. पण सुयांवर टोपी विणायची ती पुरुषानंच. पोरगं सात-आठ वर्षांचं झालं की त्याच्या हातात सुया येतात, त्या डोळे मिटेपर्यंत सुटत नाहीत. आमची माणसं चालताना विणतात, मेंढ्या राखताना विणतात, चौकात एकमेकांशी भांडतानासुद्धा विणतात. आणि लग्नाची बोलणी आली की पोरीचा बाप पोराची टोपी हातात घेतो, उलटी धरतो आणि तिच्यात पाणी ओततो. पाणी टिकलं तर सोयरीक पक्की. टपकलं तर पोरानं मुकाट घरी जावं आणि पहिल्या टाक्यापासून पुन्हा सुरुवात करावी.

सिप्रियानोच्या टोपीत त्याच्या सासऱ्यानं सकाळी पाणी ओतलं होतं. मग सगळे जेवले, गप्पा झाल्या आणि संध्याकाळी तेच पाणी मेंढीला पाजलं, असं सिप्रियानो सांगतो. त्याची बायको तेओफिला म्हणते, "संध्याकाळ कसली? जेवणाच्या आधीच पाजलं होतं. मी तिथंच उभी होते." पण टोपी गळली नाही हे तीही कबूल करते, आणि तेओफिला नवऱ्याचं काही कबूल करते म्हणजे ते खरंच असणार.

आता सिप्रियानो साठीला आला होता. बेटावर त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. त्याच्या टोपीवरून बोट फिरवलं तर टाका लागायचा नाही, नुसतं गुळगुळीत. हात असा सोन्याचा, पण जीभ मात्र नुसती मिरची. त्याची एकुलती एक लेक नेलिदा दोन वर्षं तळ्यापलीकडे पुनो शहरात टोप्यांच्या दुकानात कामाला होती. ती परत आली तेव्हा तिच्याबरोबर रुफिनो होता.

रुफिनो बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. भला माणूस, बोलायला मऊ, कामाला वाघ. पण नखांत कायम काळं ग्रीस, आणि विणकामाच्या नावानं शून्य! बरं, लग्नाआधी वर्षभर एकत्र राहायची आमच्याकडे रीतच आहे, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. लोकांना खुपलं ते वेगळंच. त्याच्या डोक्यावर दुकानातली टोपी होती! मशीनवर शिवलेली, पुढे छप्पर असलेली, कुठल्यातरी साबणाचं नाव लिहिलेली. सिप्रियानोच्या घरात ती टोपी शिरली त्या दिवशी म्हातारा जेवला नाही.

आमच्याकडे दोन पुरुष भेटले की आपापल्या कमरेच्या बटव्यातून कोकाची, चघळायची चिमूटभर पानं काढून एकमेकांना देतात. तोच आमचा नमस्कार. सिप्रियानोनं वर्षभरात रुफिनोसमोर बटवा एकदाही उघडला नाही. एका छपराखाली राहायचे, एका भांड्यातला बटाट्याचा रस्सा खायचे, पण बटवा बंद.

तर नेलिदाला पाचवा महिना लागला होता आणि रविवारी चौकात सगळे जमले होते. सिप्रियानोचा लहानपणापासूनचा दोस्त इलारियो दगडी कट्ट्यावर विणत बसला होता. हा इलारियो म्हणजे दुसऱ्याच्या घरात काडी टाकून आपण शेकत बसणारा.

"काय रे सिप्रियानो," तो म्हणाला, "नातवंडाला पहिली टोपी बापानं विणायची ना? का जावईबापू पुनोहून प्लास्टिकच्या पिशवीतून आणणारेत?"

सगळा चौक हसला. सिप्रियानोचं टाळकं सणकलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"बापच विणेल!" तो गरजला. "आणि बाळ चाळीस दिवसांचं झालं की इथंच, या चौकात, मी त्या टोपीत पाणी ओतीन. बाळ जी टोपी घालेल तीच. चौकाला एक फेरी होईपर्यंत पाणी टिकलं तर हा माझा जावई. गळलं तर त्याच दिवशीच्या बोटीनं त्यानं पुनोला जायचं आणि परत बेटावर पाय ठेवायचा नाही!"

रविवारी चौकात बोललेला शब्द आमच्याकडे गिळता येत नाही. तो बोलला, आणि सगळ्यांनी ऐकला. नेलिदानंही ऐकला. पोटावर हात ठेवून ती शांतपणे म्हणाली, "तो जाईल तर मीही जाईन, बाबा. आणि बाळ काही तुमच्याकडे ठेवून जाणार नाही."

घरी आल्यावर तेओफिलानं चुलीवर भांडं आदळलं. "वा! एका वाक्यात जावई, लेक आणि नातवंड, तिन्ही घालवलंत. एवढी अक्कल एकट्या डोक्यात मावते तरी कशी?"

सिप्रियानोला वाटलं होतं, रुफिनो दोन दिवसांत येऊन हात जोडेल, मग आपण थोडं ताणून अट सैल करू. पण रुफिनो आलाच नाही. तो धक्क्यावर गेला होता. मोडक्या सायकलच्या चाकाच्या तारा काढून त्यानं त्यांचे तुकडे केले आणि दगडावर घासघासून पाच सुया बनवल्या. दुसऱ्या दिवशी तो चौकात कट्ट्याच्या अगदी टोकाला येऊन बसला.

आमच्याकडे विणताना लोकरीचा धागा मानेमागून घेतात, म्हणजे तो ताणलेला राहतो. रुफिनोनं तो दोनदा गुंडाळून घेतला.

"अरे बाबा, धागा मानेवरून घ्यायचा असतो," इलारियो ओरडला, "फास नाही लावायचा! टोपी नाही जमली तर त्याचं बघू नंतर!"

रुफिनोही हसला. धागा सोडला, पुन्हा घेतला. पहिल्या दिवशी त्याच्या सुयांवरून टाके असे घसरत होते की बघवत नव्हतं. सिप्रियानोनं तर मानच फिरवली. पण ऊन उतरलं, सगळे घरी गेले, तरी तो माणूस तिथंच बसून होता.

आठवड्याभरानं सिप्रियानो शेतावरून आला आणि दारातच थबकला. उंबऱ्यावर रुफिनो बसला होता. मांडीवर लोकरीचा ढीग, आणि हातात सिप्रियानोची खुंटीवरची जुनी टोपी. कसर लागलेली का असेना, पण त्याच्या हातची! ती अर्धी उसवली होती.

"अरे करंट्या! काय केलंस हे?"

"बाबा, इंजिन खोलल्याशिवाय ते चालतं कसं हे मला समजत नाही," रुफिनो म्हणाला. "ही कशी चालते ते बघत होतो."

"टोपी चालत नाही! टोपी डोक्यावर बसते!"

"हो, तेच. कशी बसते ते."

सिप्रियानोनं कपाळावर हात मारला आणि आत गेला. आत तेओफिला तोंडाला घोंगडीचं टोक लावून हसत होती.

चार दिवसांनी टोपी पुन्हा विणून खुंटीवर होती. कुणी नाही असं पाहून सिप्रियानोनं ती खाली काढली. सतराव्या ओळीत एक चूक, बाविसाव्या ओळीत एक. त्यानं ती तशीच लटकवली. दुसऱ्या दिवशी खुंटी रिकामी. पठ्ठ्यानं ती पुन्हा उसवली होती! असं पाच वेळा झालं. पाचव्या खेपेला सिप्रियानो टोपी उन्हात धरून बराच वेळ बघत राहिला. एकही चूक नव्हती. कसरीचं भोकसुद्धा असं बुजवलं होतं की कुठं होतं ते त्याला स्वतःला सापडेना.

आणि हात! सकाळभर इंजिनात कोपरापर्यंत हात घालणारा माणूस, पण सुया धरायच्या आधी तळ्याच्या काठी बसून राख आणि वाळूनं हात घासायचा. बोटांची साल निघाली, पण पांढऱ्या लोकरीला काळा डाग म्हणून लागला नाही. हे सिप्रियानोनं रोज पाहिलं. पाहायचा आणि दुसरीकडे बघायचा.

एके सकाळी त्याच्या नेहमीच्या जागेवर पाच नव्या सुया ठेवलेल्या दिसल्या. कुणी ठेवल्या ते विचारायची गरज नव्हती. अशा टोकाच्या सुया त्यानं आयुष्यात वापरल्या नव्हत्या. धागा तुटत नव्हता, बोट टोचत नव्हतं, टाका आपोआप उचलला जायचा. तो शेताच्या पार पलीकडच्या बांधावर जाऊन त्या सुयांनी विणायचा, म्हणजे इलारियोला दिसू नये.

आमच्याकडे जून म्हणजे ऐन थंडी. त्या कडाक्यात, सकाळी उन्हं अंगणात येता येता नेलिदा बाळंत झाली. मुलगी झाली. तेओफिलानं ती आजोबाच्या हातात दिली, आणि तिनं त्याचं बोट धरलं ते सोडेचना. ज्याच्या तोंडाला सगळं बेट भ्यायचं तो माणूस दिवसभर "काय गं बाई, काय म्हणतेस, थंडी वाजते का गं तुला" एवढंच बोलत बसला. कामाच्या निमित्तानं आत-बाहेर करायचा आणि प्रत्येक खेपेला बाळाच्या टोपलीत डोकावायचा.

दिवस भरभर जात होते. चाळीस दिवस म्हणजे असे किती! पंचविसावा झाला, अठ्ठाविसावा झाला. रुफिनो काय विणतो ते कुणाला दाखवत नव्हता. विचारावं तर बोलणं नाही, न विचारावं तर जीव थाऱ्यावर नाही. सिप्रियानोला रात्री झोप लागेना आणि दिवसा घास उतरेना. टोपी गळली तर? बोटीतून नेलिदा जाताना दिसायची त्याला. तिच्या पाठीवरच्या फडक्यात बांधलेली ती चिमुरडी, पाण्यावरून लहान लहान होत जाणारी. आपल्याच जिभेनं आपण हे केलं, दुसऱ्या कुणाला बोल लावणार?

तिसाव्या दिवशी घरात कुणी नव्हतं. सिप्रियानोनं एक बेत केला. आता सांगायला हरकत नाही, पण बेटावरच्या सगळ्यात मोठ्या उस्तादानं हे करावं म्हणजे कमालच! त्यानं मेंढीच्या चरबीचा गोळा घेतला आणि लेकीच्या खोलीत शिरला. टोपीला आतून चरबीचा हात फिरवला की पाणी सहज धरतं, हे आमच्याकडे पोराटोरांनाही माहीत आहे. करणारा पकडला गेला तर सात पिढ्या नाव निघतं.

बाळाच्या दुपट्यांखाली टोपी सापडली. मुठीएवढी टोपी, पांढरी, लाल काठाची, कानांवर छोट्या पाकळ्या. चरबी लावायच्या आधी किती गळते ते तरी पाहू, म्हणून त्यानं टोपी उलटी धरली आणि तिच्यात पाणी ओतलं. खाली तळहात धरला. वाट पाहिली. तळहात कोरडा. त्यानं बटव्यातून पानं काढली, तोंडात टाकली, चावून संपवली. तळहात कोरडाच! बोटानं टोपीचा तळ चाचपला. कोरडा ठणठणीत.

सिप्रियानो तिथंच खाटेवर बसला आणि त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सहा महिन्यांत! सहा महिन्यांत या इंजिनवाल्यानं हे केलं! त्यानं टोपी चुलीच्या उबेला धरून वाळवली, होती तशी दुपट्यांखाली ठेवली आणि चरबीचा गोळा तसाच घेऊन परतला.

"तुमच्या हाताला चरबीचा वास कसला येतोय?" तेओफिलानं संध्याकाळी विचारलं.

"चपलांना लावली."

"टायरच्या चपलांना? टायरला चरबी कधीपासून लागायला लागली?"

"तू गप गं," सिप्रियानो म्हणाला, आणि कित्येक दिवसांनी दोनदा रस्सा मागून घेतला.

चाळिसावा दिवस उजाडला. अख्खं बेट चौकात लोटलं होतं. बोट दोन वाजता सुटायची होती. नेलिदा बाळाला पाठीवर घेऊन आली आणि तिनं हातातलं गाठोडं कट्ट्याजवळ ठेवलं. दुपटी, घोंगडी, वाटेत खायला उकडलेले बटाटे. गाठ चांगली घट्ट मारलेली होती. तिचे डोळे सुजले होते, पण मान ताठ. सिप्रियानोनं गाठोड्याकडे पाहिलं आणि मनात म्हणाला, बांध, पोरी, बांध, तासाभरात सोडायचंच आहे. त्याला माहीत होतं ना! त्यानं मुद्दाम चेहरा आणखी कडक केला.

"आण टोपी," तो म्हणाला.

रुफिनो पुढे आला. त्याच्या डोक्यावर कुठलीच टोपी नव्हती, दुकानातलीसुद्धा नाही. त्यानं बाळाच्या डोक्यावरचं फडकं सारलं, टोपी काढली आणि सिप्रियानोच्या हातात दिली.

ही लाल काठाची नव्हती. साधी, सायीच्या रंगाची टोपी, हातात घेतली तर वजनच लागेना. सिप्रियानोला काही समजेना, पण सगळे बघत होते. त्यानं टोपी उलटी धरली. इलारियोनं मडक्यातून पाणी ओतलं. पाणी टोपीत गेलं आणि थेट खाली आलं, सिप्रियानोच्या पायांवर. एक पाऊल टाकायचीसुद्धा वेळ आली नाही.

"अरे, ही टोपी आहे का चाळण?" इलारियो म्हणाला. काही जण हसले. मग नेलिदाचा चेहरा दिसला आणि हसू थांबलं.

"ही नव्हे!" सिप्रियानो ओरडला. "ती दुसरी कुठंय? ती लाल काठाची!"

"बाबा," रुफिनो हळूच म्हणाला, "लाल काठाची तुम्हाला कशी माहीत?"

मागून तेओफिलाचा आवाज आला, "चपलांना चरबी!" आणि ती अशी हसत सुटली की शेजारणीला तिला धरावं लागलं. मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडला आणि सगळा चौक पोट धरून हसायला लागला. म्हाताऱ्याचे कान लालबुंद झाले.

"हसा, हसा! चोरून पाहिली, हो, पाहिली!" तो म्हणाला. "पण तिच्यात पाणी टिकतं. चरबी न लावता टिकतं, मी माझ्या हातानं ओतून पाहिलंय. अरे, आण ना ती! कशाला जीव घेतोस?"

रुफिनोनं सदऱ्याच्या आतून लाल काठाची टोपी काढली. गर्दीनं सुस्कारा सोडला. इलारियोसुद्धा मडकं उचलून पुढे सरसावला. चेष्टेखोर असला तरी दोस्ताची लेक जावी असं त्यालाही वाटत नव्हतं.

"पाणी टिकतं तिच्यात," रुफिनो म्हणाला. "तुमच्यासाठीच विणली होती ती. जेवढी घट्ट येईल तेवढी. पण बाबा, ही बाळाची टोपी नाही. तिला एकदाच घातली. काढली तेव्हा कपाळावर लाल वळ होता, सबंध गोल. रडून रडून पोर निळी पडली. टाळू अजून भरली नाही तिची, हात लावला तर खाली उडते. तिच्यावर मडक्यासारखी ही टोपी कशी ठेवू? तुम्ही म्हणाला होतात, बाळ जी टोपी घालेल तीच. बाळ ती साधी घालतं. लाल काठाची दाखवली असती तर मी इथं राहिलो असतो, पण खोटं बोलून राहिलो असतो." त्यानं बाळाच्या उघड्या डोक्यावर फडकं नीट ओढलं. "विणायला मात्र मला फार आवडलं. एवढं सांगायचं होतं."

त्यानं लाल काठाची टोपी सिप्रियानोच्या दुसऱ्या हातात ठेवली आणि वाकून गाठोडं उचललं.

सिप्रियानो दोन्ही हातांत दोन टोप्या घेऊन उभा राहिला. शब्द त्याचाच होता, चौकात दिलेला, आणि टोपी सगळ्यांसमोर गळली होती. त्याची बोटं सवयीनं त्या ओल्या साध्या टोपीवरून फिरू लागली. फिरता फिरता सावकाश झाली. टाका सैल, पण प्रत्येक टाका दुसऱ्याएवढाच. कुठं ओघळलेला नाही, कुठं आखडलेला नाही. घट्ट विणायला हट्ट पुरतो. ओढला धागा की झालं. पण सैल विणून सारखं विणायला हात लागतो हात! त्याच्या ओळखीत असं विणणारे दोन-तीनच होते, आणि त्यांतले दोन वारले होते. त्यानं टोपी उलटी केली. काठाला तीन ओळी सैल आणि एक ओळ आवळलेली, म्हणजे टोपी कपाळावर बसेल पण रुतणार नाही. ही खुबी? ही खुबी तर...

"हे तुला कुणी दाखवलं?" त्यानं काठावर बोट ठेवून विचारलं.

रुफिनोनं सासूकडे पाहिलं. तेओफिला हसायची थांबली होती. तिनं खांद्यावरच्या घोंगडीतून एक पिवळी पडलेली चिंधीएवढी टोपी काढली, नवऱ्याच्या समोर उलटी धरली आणि इलारियोच्या हातून मडकं घेऊन तिच्यात पाणी ओतलं. पाणी क्षणभरही थांबलं नाही.

"ओळखलीत?" ती म्हणाली. "आपल्या नेलिदाची. सव्वीस वर्षं पेटीत जपली मी. बेटावरच्या सगळ्यात मोठ्या उस्तादानं विणलेली आहे हो! माझ्या बापानं पाणी ओतलं असतं हिच्यात, तर तुम्हीही त्याच दिवशीच्या बोटीनं गेला असतात. बाळाच्या कपाळावर वळ उठला त्या दिवशी मी ही या पोराला दाखवली. या वेळी उसवली नाही त्यानं. नुसती उन्हात धरून टाके मोजत बसला, दोन दिवस."

सिप्रियानोला सगळं आठवलं. नेलिदा झाली तेव्हाची थंडी, आणि आपण दार लावून, धागा मानेवरून काढून नुसता बोटावरून सोडत विणायला बसलो होतो ते. तेओफिलाला म्हटलेलं वाक्यही आठवलं: कुणाला सांगू नकोस, हसतील. तिनं सव्वीस वर्षं सांगितलं नव्हतं. ज्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, तिनं!

"मग काय रे, सिप्रियानो?" इलारियोनं चाचरत विचारलं. "गळलीच म्हणायची ना?"

"गळली," सिप्रियानो म्हणाला. मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "माझ्या जावयाची टोपी गळली. माझीही गळते, बघितलीत आत्ता. आणि इलारियो, तुला पाच पोरं. त्यांना पहिल्या टोप्या कशा विणल्या होत्यास? खरं सांग. चौकात उभा आहेस."

इलारियोनं आपली टोपी मागे सारून डोकं खाजवलं. "माझ्या? माझ्यातून तर मासे गेले असते."

कट्ट्यावरच्या निम्म्या पुरुषांनी माना खाली घालून सुयांकडे पाहिलं. बायका एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. एवढी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं की असलं काम आपण एकट्यानंच केलंय!

"अट मी चुकीची घातली होती," सिप्रियानो म्हणाला. "रागात बोललो. चुकलो. बाळाची टोपी गळलीच पाहिजे, नाहीतर ती बाळाची नव्हे. आणि असं विणायला मला वीस वर्षं लागली होती, यानं सहा महिन्यांत केलं. ऐकलंत ना सगळ्यांनी? आज रविवार नसला तरी चौकातच बोलतोय."

त्यानं ओली टोपी पिळली नाही, दोन्ही तळव्यांत दाबून पाणी काढलं, जसं चांगल्या लोकरीचं काढतात, आणि कट्ट्यावर उन्हात पसरली. मग रुफिनोसमोर आला. रुफिनो अजून गाठोडं घेऊन उभा होता. सिप्रियानोनं कमरेचा बटवा सोडला, उघडला, चिमूटभर पानं काढली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली.

रुफिनोला कळेना गाठोडं ठेवावं का हात पुढे करावा. नेलिदानंच ते त्याच्या हातातून घेतलं. त्यानं तळवे सदऱ्याला पुसले आणि पानं घेतली. त्याच्याकडे बटवा नव्हता, परत द्यायला काही नव्हतं.

"असू दे," सिप्रियानो म्हणाला. "बटवा मी विणतो तुला. ती लाल काठाचीही राहू दे माझ्याकडे, पोर मोठी झाली की तिला दाखवीन."

खाली धक्क्यावरून बोटीचा भोंगा वाजला. दोन वाजले होते. कुणीच हललं नाही. सिप्रियानो कट्ट्यावर त्या वाळत घातलेल्या टोपीशेजारी बसला, पाय लांब केले आणि लेकीकडे पाहिलं.

"सोड ते गाठोडं," तो म्हणाला. "बटाटे आहेत ना त्यात? सकाळपासून पोटात काही नाही माझ्या."